डॉक्टरांची कंबर, गावासमोर

मुकुंदवाडीतल्या आपल्या हॉलमध्ये डॉ. हिमांशूंनी मोबाईल स्टँडवर लावला, केसांवरून हात फिरवला आणि फेसबुकवर लाईव्ह सुरू केलं. "नमस्कार मंडळी! आज जड वस्तू कशी उचलायची ते बघू."

डॉक्टर फिजिओथेरपिस्ट, आणि माणूस मोठा गुणी हो! गंगापूरहून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं येता येता पेशंटची बरी झालेली कंबर परत धरते, हे लक्षात आल्यावर त्यांनी रोज संध्याकाळी हा फुकट वर्ग सुरू केला. खुलताबादपासून गंगापूरपर्यंत बायाबापड्या मोबाईल कोनाड्यात उभा करून व्यायाम करायच्या. त्यातल्या कितीतरी जणींची काठी सुटली होती.

"आधी चुकीची पद्धत दाखवतो," असं म्हणून डॉक्टर गुडघे ताठ ठेवून गॅसच्या रिकाम्या टाकीवर वाकले आणि जोरात हिसका दिला. टाकी रिकामी नव्हती. बायकोनं, म्हणजे चारुतानं, ती सकाळीच बदलून भरलेली घेतली होती. टाकी जागची हलली नाही, कंबरेत मात्र कट्‌कन आवाज झाला आणि डॉक्टर होते तसेच वाकलेले राहिले.

"आई गं!"

कमेंट धडाधड येऊ लागल्या. 'वा सर, काय ॲक्टिंग!' काकासाहेब नावाच्या गृहस्थांनी टाळ्या पाठवल्या.

"अहो, ॲक्टिंग नाही! खरंच अडकलोय! कुणीतरी या!"

'एकदम ओरिजिनल!' आणखी टाळ्या.

मोबाईल समोरच होता, पण पाऊल उचललं की कळ थेट मस्तकात जायची. बंद करणार कसा? तेवढ्यात भिशीला गेलेल्या चारुताची कमेंट आली. 'छान करताय. पण मागच्या खुर्चीवरचा ओला टॉवेल काढा, सगळं गाव बघतंय.'

"चारुता, अगं घरी ये!" पण तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला असावा.

दुखण्यापेक्षा डॉक्टरांना धडकी वेगळ्याच गोष्टीची भरली. याला स्वतःची कंबर सांभाळता येईना, आमची काय सांभाळणार, असं म्हणून उद्या लोकांनी व्यायामच सोडला तर? वर्षभराची मेहनत पाण्यात!

इतक्यात गंगापूरच्या मुक्ताबाई उमटल्या. जुन्या पेशंट. टाईप करायचा कंटाळा, म्हणून मोबाईलशी बोलायच्या आणि तोंडातून निघेल ते सगळं, सुनेला दिलेल्या हाकांसकट, कमेंटमध्ये यायचं.

'हसता काय मेल्यांनो डॉक्टरचं तोंड बघा घामानं थबथबलंय मेघा दूध बघ डॉक्टर श्वास रोखू नका सोडा'

डॉक्टरांनी श्वास सोडला.

'आता गुडघे वाकवा हात मांडीवर घाई नाय करायची अगं मेघा उतू चाललं एक गुडघा खाली टेका'

"टेकला, मावशी!"

'मंग दुसरा आता हळूच कुशीवर व्हा मंग पाठीवर आन् पाय खुर्चीवर'

आता कुठं बाकीच्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. 'माफ करा सर,' काकासाहेबांनी लिहिलं, 'मान सैल सोडा.' शब्द सगळे डॉक्टरांचेच होते, रोज घसा कोरडा करून सांगितलेले. फरशीवर पडल्या पडल्या त्यांचे डोळे भरून आले.

"मावशी, तुम्ही वाचवलंत!"

'म्या काय वाचवते तुमीच शिकवलेलं हाय दूध मातुर लई गेलं'

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कंबरेला पट्टा बांधून लाईव्हला बसले. कोण येतंय आता, असंच त्यांना वाटत होतं. बघतात तो रोजच्या दुप्पट माणसं! पण आपापल्या दुखण्याबद्दल कुणी चकार शब्द काढेना. जो तो एकच विचारत होता, 'सर, व्यायाम केला का?'

"केला ना, सकाळीच केला," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. थापा मारणारे पेशंट दवाखान्यात बोलतात, अगदी त्याच सुरात.

मग मुक्ताबाईंची कमेंट आली.

'बरं मंग परत दाखवा आमी बी करतो संगं'

डॉक्टरांनी मुकाट्यानं सतरंजी अंथरली.