भिंतींना बांगड्या भरणारे रहीमचाचा

रहीमचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंती बघतात, मग माणसं. तडा दिसला की पिशवीतून काचेची अर्धी बांगडी काढतात आणि तिची दोन टोकं तड्याच्या दोन बाजूंना सिमेंटनं चिकटवतात. बांगडी फुटली की समजायचं, भिंत सरकली. घरमालकाला विचारायची त्यांची पद्धत नाही. रंग तेवढा विचारतात.

त्यांचं दुकान बांगड्यांचं आणि शेजारी माझी पिठाची चक्की. आमच्या गल्लीखाली कोळशाची जुनी खाण आहे. ती बंद पडली, पाण्यानं भरली आणि वरचे लोक तिला विसरले. पुढे उन्हाळ्यात नळ कोरडे पडू लागले, तशा घरोघरी बोअर झाल्या. तडे गेले ते त्यानंतर.

"खालच्या पाण्यानं खाणीचं छत तोलून धरलं होतं, बाई," चाचा म्हणतात. "सारे उपसून राह्यले. जमिनीचा भरोसा नाई." हे शेवटचं वाक्य ते नवरीला चुडा भरतानाही म्हणतात.

माझ्या चक्कीच्या भिंतीवरची बांगडी दोनदा फुटली. चाचांच्या मते जमिनीमुळे, माझ्या मते चक्कीच्या हादऱ्यानं.

"मंग चक्की बंद ठेवून पाहा, म्हंजे कळन."

मी गहू दळत राहिले.

समोरच्या गजाननभाऊंची बोअर गल्लीत सर्वांत खोल. ते एकदा म्हणाले, "चाचा, बांगड्या बायांले भरा ना. भिंतीले काऊन भरता?"

"बाईले दुखलं तं ती बोलते," चाचा म्हणाले. "भिंत बोलत नाई." आणि गजाननभाऊंच्या बायकोला, मंदावहिनींना रंग विचारून त्यांनी त्यांच्या घरातल्या तड्यावर हिरवी बांगडी लावली.

या उन्हाळ्यात ती फुटली. हिरवी बांगडी फुटली म्हणजे नवऱ्याच्या जिवावर आलं, असं मंदावहिनींनी धरलं. त्यांनी गाडीची चावी लपवली आणि गजाननभाऊंना घरातच बसवलं, नेमकं त्याच भिंतीला टेकवून.

चाचा चप्पल न घालता धावले. "वहिनी, त्याले बाहेर काढा."

"बाहेर गाडीखाली आले तं?"

"गाडी हुकन. भिंत नाई हुकनार."

दोघं वाद घालत राहिले. मी चक्की बंद केली आणि गजाननभाऊंना दंडाला धरून अंगणात आणलं. थोड्याच वेळात आतली फरशी खचली आणि कपाट अर्धं जमिनीत गेलं. आम्ही दारातून बघत राहिलो.

गल्ली रिकामी होऊ लागली. कुणी वरोऱ्याला भावाकडे गेलं, कुणी भाड्याच्या खोलीत. प्रत्येकाचं सामान चाचा टेम्पोत चढवत होते. त्यांचं स्वतःचं मात्र हलत नव्हतं. शेवटी मीच दुकानामागच्या त्यांच्या घरात गेले.

तिथं एकाही भिंतीला बांगडी नव्हती. तडे होते, पण सिमेंटनं भरून, घासून गुळगुळीत केलेले; एकाचं सिमेंट अजून ओलं होतं. चाचींना दिसत नाही. भिंतीवर तळहात ठेवून त्या खाटेपासून चुलीपर्यंत आल्या आणि मध्येच थांबल्या.

"इथी भिंत ओली काऊन?"

"पाणी झिरपते," चाचा म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या घरात चाचींना प्यायचं पाणी घ्यायलाही कुणाचा तरी हात धरावा लागला असता. ते मला कळत होतं. पण घर थांबणार नव्हतं.

"चाची, हे घर खचून राह्यलं," मी म्हटलं. "सडकेपलीकडच्या माह्या घरची मागची खोली रिकामी हाये. तिकडे खाण नाई. आजच चला."

चाचींनी भिंतीवरचा हात काढून घेतला. चाचांनी हातातली सिमेंटची थापी पुसून ठेवली.

"तुमच्या खोलीले उंबरठा हाये काय, बाई?"

"हाये. लाकडी."

"तो काढा लागन. तिले ठेच लागन."

मी तिथूनच सुताराला फोन लावला.