छत्तीसशे तऱ्हांची पंगत

आमच्या मस्तगडातल्या दत्तूमास्तरांना लग्नाचं आमंत्रण द्यायला जा, ते मुहूर्त विचारत नसत. आधी म्हणत, "शर्त बोला." म्हणजे पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसणार नाही, ते सांगा. निजामी अमलातल्या शाळेत गणित शिकवून शिकवून हा माणूस कामातून गेला, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

राग तर नाकाच्या शेंड्यावर. हिशोबाआधी कोणी पाट मांडला की लाथेने सरकवत.

माझ्या बहिणीच्या लग्नात मानाची माणसं सात. त्यांपैकी बदनापूरचे मामा आणि शहागडच्या आत्याचे यजमान यांचं आहेरावरून वाजलेलं. दोघांतलं कोणी उपाशी उठलं असतं तर व्याह्यांपुढे आमची अब्रू गेली असती. मास्तरांनी खडूने भिंतीवर मांडलं: सात जण बसायच्या तऱ्हा पाच हजार चाळीस. त्यातून हे दोघे शेजारी येतात त्या चौदाशे चाळीस वजा.

"राह्यल्या छत्तीसशे," ते माझ्यावरच खेकसले. "छत्तीसशे असून एक बी तुमच्या मामाला पटंना, तर दोष गणिताचा न्हाई."

पटली. पण ओसरी आखूड. चार पाट झाल्यावर मास्तरांनी रांग वळवून समोर आणली. तिसऱ्या पाटावर मामा, सहाव्यावर यजमान. शेजारी नाहीत हे खरं, पण अगदी समोरासमोर. दोघांनी पानावरचे हात मागे घेतले. भात निवत चालला, आई रडकुंडीला आली. मी वरणाची बादली आपटली आणि मास्तरांना म्हणालो, "लई अक्कल हाय ना, मंग तुमीच जाऊन बसा मधी."

मास्तर चिडले नाहीत. खडू खिशात टाकला.

"मला धरून आठ होत्यात," ते म्हणाले. "अन् माझ्या शेजारी कोणीच बसायचं न्हाई, ही जातीची शर्त. मंग उत्तर शून्य येतं. बराबर करून बघितलंय मी."

मला ठाऊक होतं. शाळेच्या शिपायाकडे, महारवाड्यात, बारशाला जेवले म्हणून जातीने त्यांना पंगतीतून उठवलं होतं. तेव्हापासून पाट मांडायला मास्तर चालत, पाटावर बसायला नाही. हे मी दर लग्नात बघत आलो होतो आणि वर त्यांनाच हसत होतो.

शेवटी मामा आणि यजमान पाट फिरवून, एकमेकांकडे पाठ करून पोटभर जेवले. मास्तरांचं पान आईने गोठ्याजवळ नेऊन दिलं. त्या दिवसाचा संताप मला अजून येतो, आणि तो मास्तरांवर नाही. भिंतीला दोन पाट रिकामे टेकलेले होते. ते उचलून गोठ्याकडे जावं असं मनात आलं होतं. तेवढ्यात मामांनी तूप मागितलं, आणि मी तूप वाढायला गेलो.