कोपरा उलटणारे मास्तर

आमच्या घरी प्रथम आले त्या दिवशी भीमाप्पा मास्तरांनी खुर्ची नाकारली, जमिनीवर गुडघे टेकले, अंथरलेल्या सतरंजीचा कोपरा उलटा केला, डोळे मिटून काठावरून बोटे फिरवली आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "दोन खून. पण हात किती मऊ आहे बघा की, अक्का!"

मी हातातला कप खाली ठेवला. त्या सतरंजीवर माझी मुलगी रांगायला शिकली होती.

मास्तर शाळेचे नव्हेत. तीस वर्षे त्यांनी तुरुंगात कैद्यांना विणकाम शिकवले आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी, निवृत्त होऊन, धारवाडला आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायला आले. आमची सतरंजीही त्याच तुरुंगातली, प्रदर्शनातून विकत घेतलेली. काठाशी धागा परत वळवताना प्रत्येकाची बोटे निराळी वळतात. पंजाने, म्हणजे त्या लोखंडी फणीने, धागा ठोकताना स्वभावही आत ठोकला जातो, असा त्यांचा सिद्धान्त. "दरोडेखोर घट्ट विणतो. अफरातफरवाला वरून सुरेख. पहिल्या धुण्यात कळतं."

शिक्षेचा इतिहास ते पंक्तीत आग्रहाने वाढावा तसा वाढत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला, कैरीच्या आंबटगोड वासात बसलेल्या बायकांना त्यांनी दारातूनच ऐकवले, "साहेबाच्या काळी काही तुरुंगांत एक चाक असायचं. दिवसभर फिरवायचं. पीठ नाही, पाणी नाही. त्यातून काहीच निघत नसे. माणूस तेवढा मोडायचा." पन्ह्याचे पेले ओठांशी थबकले. "मग त्यांना सुचलं, याच हातांकडून गालिचे विणून घ्यावेत. गेले ते विलायतेच्या राजवाड्यांत. राण्या चालल्या त्यांवरून. अनवाणी!"

त्यानंतर आमच्याकडे हळदीकुंकवाला सतरंजीऐवजी पाट मांडले जाऊ लागले.

"मास्तर, सगळ्यांच्या घरचे कोपरे उलटून तुम्ही शोधता तरी काय?" मी एकदा न राहवून विचारले.

ते बोटांची पेरे चोळू लागले. "मोर. चिमणीएवढा."

सिद्दप्पा नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याने तो नमुन्याबाहेरचा मोर एका कोपऱ्यात विणला होता. नियमाप्रमाणे तो उसवायला हवा होता; मास्तरांनी उसवू दिला नाही. ती सतरंजी आपल्या मुलीला द्यावी, एवढेच त्याचे मागणे. मास्तर ती स्वतः विकत घेणार होते. पण ते रजेवर असताना ती धारवाडच्या प्रदर्शनात विकली गेली.

"मरताना त्यानं विचारलं, पोचली का? मी म्हणालो, पोचली." मास्तर उठले. "आता खरं करून दाखवायला नको?"

पुढे हुबळीला, माझ्या मावसबहिणीला पाहायला मंडळी आली. वडीलधारे म्हणून मास्तरही होते. पोहे पुढे आले, मुलगी आली, आणि मास्तर एकदम ओरडले, "उठा! उठा की हो सगळे!"

वरपिता बशीसकट उभे राहिले. "का? आम्ही बसलोय कशावर?"

"खुनावर!" मास्तर आनंदाने म्हणाले.

वरमाईने पदर तोंडाला लावला. त्यांच्या पायांखालून मास्तरांनी सतरंजी ओढून काढली. विटलेल्या निळ्या काठाच्या टोकाला खरोखरच एक इवलासा मोर होता. लग्न पुढे ठरले, पण चटईवर.

आठवड्याने मास्तर आणि मी ती सतरंजी घेऊन कलघटगीला गेलो. सिद्दप्पाची मुलगी, रेणुका, अंगणात मिरच्या वाळत घालत होती. हवेतच तिखट झणका होता. मास्तरांनी घडी पुढे केली, कुणाची ते सांगितले. तिने हात पुढे केले नाहीत.

"त्यानं कुणाला मारलं, ठाऊक आहे ना तुम्हाला?" ती कन्नडात, अगदी हळू म्हणाली. "माझ्या आईला."

दारोदार खून सांगत हिंडणाऱ्या या माणसाने हा एक माझ्यापासून लपवला होता.

"ठाऊक आहे, अव्वा," मास्तर म्हणाले. "त्याच हातांचं आहे. नको असेल तर परत नेतो."

मिरच्या पसरणारी तिची बोटे थांबली, पुन्हा चालू झाली. ती म्हणाली, "घरात नको. कट्ट्यावर अंथरा."

मास्तरांनी एकेक सुरकुती तळहाताने मोडीत सतरंजी अंथरली. ती दुरून पाहत राहिली. मोराजवळ आली, वाकली, पण स्पर्श केला नाही.

"जेवलात का?"

कैद्याच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही, हा नोकरीतला दंडक मास्तर निवृत्तीनंतरही पाळीत. मी त्यांच्याकडे पाहिले. ते पानावर बसले. भाकरीचा पहिला घास त्यांनी फार वेळ चावला.

जेवण झाल्यावर, रोज आपल्या खोलीत करीत तसे, ते ताट विसळायला उठले. रेणुकाने ताटाची दुसरी कड धरली.

"सोडा की, अप्पा." कन्नडात बापालाही अप्पाच म्हणतात.

मास्तरांच्या हातून ते सुटेना. दोन्हीकडून धरलेले ते खरकटे ताट उन्हात तसेच अधांतरी राहिले.