मिलिमीटरचा डाग

आपल्या हातून चूक होऊच शकत नाही, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती! धंदा चित्रांना चौकटी बसवायचा, तोही पंचवीस वर्षांचा. माप इतकं चोख, की गल्लीनं त्याचं नाव 'मिलिमीटर' ठेवलं होतं. त्याला ते पदवीसारखं वाटे.

त्यामुळे शाळेत भूमिती शिकवणाऱ्या त्याच्या जुन्या बाई नवऱ्यानं काढलेलं चित्र घेऊन आल्या, तेव्हा तो छाती फुगवून म्हणाला, "बाई, निर्धास्त राहा!"

चित्र म्हणजे पुठ्ठ्यावर राखाडी, पांढरे, काळे पट्टे.

"आमच्या जुन्या शहरातली थंडीतली पहाट आहे म्हणे," बाई म्हणाल्या. "यात आपली पहिली खोली आहे, असं हे सांगायचे. मला काही ती सापडली नाही. कुठंय विचारलं, की नुसते हसायचे. आता विचारायलाही कुणी नाही. त्यांच्या हातचं एवढंच राहिलंय, जप रे बाबा."

मिलिमीटरनं जपलं. इतकं जपलं, की ठेवलं ते थेट ब्रश पुसायच्या आपल्या पुठ्ठ्याशेजारी! दुपारी लाकडाला पिवळं पॉलिश करता करता त्यानं सवयीनं हात लांबवला आणि ब्रश पुसला. बघतो तर काय, पुठ्ठा बाईंचा!

चिंधीनं टिपला, तर डाग पसरला. पात्यानं खरवडला, तर चौकोनी झाला! त्यानं घाबरून बायकोला फोन लावला.

"खरं सांगून टाका."

"अगं, दुसरं काहीतरी सुचव ना!"

डागाकडे न बघता त्यानं घाईघाईनं चौकट ठोकली. संध्याकाळी बाई आल्या आणि चित्राजवळ वाकल्या. मिलिमीटरनं हात मागे बांधले आणि नजर पायांकडे वळवली. गृहपाठाची वही विसरायचा, तेव्हाही तो असाच उभा राही.

"अगंबाई! ही बघ आमची खोली!" बाईंचं बोट पिवळ्या डागावर होतं. "सगळं शहर गारठून झोपलेलं असायचं, आणि हे एकटे उठून दिवा लावायचे. माझ्यासाठी पाणी तापवायला! गार पाण्यात हात घालू द्यायचे नाहीत मला. कित्येक वर्षांत आठवलंच नव्हतं रे..."

मिलिमीटर गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण या बाईंपुढे खोटं बोलायची त्याची कधीच छाती झाली नव्हती.

"बाई, तो दिवा नाही. मी ब्रश पुसला तिथे."

"माहीत आहे. पॉलिशचा वास येतोय." बाईंनी डोळे टिपले. "पण डागामुळे ओळखता आली, खोली तिथेच होती. हे मात्र दिवा न लावताच दाखवत होते मला, लबाड!"

मिलिमीटरचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीनं चित्र कागदात गुंडाळू लागला.

"थांब," बाई म्हणाल्या. "हा कोपरा जुळलेला नाही. चांगली दोन मिलिमीटरची फट आहे. काढ, आणि पुन्हा बसव!"