झेरॉक्स मशिनने दिलेली रजा

झेरॉक्स काढण्यात अख्ख्या बहरीनमध्ये माझा हात कुणी धरणार नाही! म्हणून तर शेजारच्या मेधाताई, शाळेत शिकवणाऱ्या, माझ्याकडेच आल्या. "ताहिरभाई, नववी-दहावीच्या मुलांचा सर्व्हे आहे. एड्सबद्दल त्यांना काय ठाऊक आहे, कसे वागतात ते. दोनशे प्रती काढाल?"

"चुटकीसरशी!"

प्रती दिल्या. मूळ कागद ऑफिसच्या मशिनमध्येच राहिला! वर ठळक अक्षरांत: 'एड्सची भीती वाटते? मोकळेपणाने लिहा. नाव गुप्त राहील.' मशिन माझ्याच ताब्यातलं, आणि तो सापडला आमच्या कॅशियर दत्तारामला. इथे रक्तात तसलं काही निघालं की व्हिसा रद्द, माणूस थेट विमानात. दत्तारामने काय समजायचं ते समजून घेतलं, आणि सगळ्यांना समजावलंही. मला सोडून!

दुसऱ्या दिवशी मॅनेजर अर्शदसाहेबांनी मला दारातच अडवलं. नाकाला रुमाल. "ताहिर, चार साल से छुट्टी माँगता है ना? जा घर! जुम्मे की फ्लाइट!"

मी उडालोच! मी इथे आल्यावर उमैमा जन्मली. पोरीला फक्त फोटोत पाहिलेलं. धावत जाऊन बायकोला, झोहराला फोन केला. "शुक्रवारी येतोय गं!" मागून उमैमा ओरडली, "अब्बा, खरंच?"

ऑफिसात माझ्याशी कुणी हात मिळवेना. पण पार्सलं? ती आलीच! आखातात मरायला टेकलेला माणूसही गावी निघाला, तर त्याच्या बॅगेत लोक जागा शोधतात. दत्तारामने दूध पावडरचा डबा झाडूने माझ्याकडे सरकवला. "चिपळूणला द्या हो. आणि... जपा." डोळे भरले होते बिचाऱ्याचे. मला वाटलं, काय ही माया!

तेवढ्यात मेधाताई मूळ कागद न्यायला आल्या आणि सगळा घोळ बाहेर पडला. "अहो, हात मिळवून एड्स होत नाही, हे आमच्या नववीतल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे!"

अर्शदसाहेबांनी रुमाल खिशात घातला. "मतलब, तू एकदम ठीक? खलास! छुट्टी कॅन्सल. यल्ला, चल, काम पे लग!"

स्वतःच्या तब्येतीचा इतका राग मला कधीच आला नव्हता. झोहराला फोनवर रजा रद्द झाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी नवा फ्रॉक आत्तापासूनच घालून बसलीय."

पार्सलं परत केली. पुढच्या महिन्यात रजा मिळाली ती दत्तारामला! त्याच्या दाराशी बाहुली घेऊन पहिला मी उभा. बिचारा चिपळूणहून मुद्दाम आमच्या गावी जाऊन देऊन आला.

मी फोन लावला. "बाहुली आवडली?"

"हो," उमैमा म्हणाली. "पण अब्बा, काकांची बॅग केवढी मोठी होती! तुम्ही तिच्यात का नाही बसलात?"