लोटनआप्पांचा खालच्या पट्टीतला अल्बम

इरा आणि नील,

मागच्या आठवड्यात मी तुम्हाला शेजारच्या लोटनआप्पांचा नवा अल्बम पाठवला. इराने लिहिलं, "आजी, फाइल खराब आली आहे का? सगळे विहिरीत बसून गातायत." नीलने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. फाइल चांगली आहे. चार महिने मीसुद्धा तेच प्रश्नचिन्ह घेऊन फिरत होते. म्हणून म्हटलं, सगळं आठवतंय तोवर नीट क्रमाने लिहून ठेवावं. फोनवर सांगायला घेतलं की तुमच्यापैकी कुणाची तरी मीटिंग सुरू होते.

लोटनआप्पांची पहिली ओळख ही, की ते बोलताना आवाज घालायला विसरतात. पस्तीस वर्षं त्यांनी इथे सुरतेतच, उधन्याच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात काढली. तिथे यंत्रांच्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसतो, त्यामुळे कामगार नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. आप्पा निवृत्त झाले तरी ती सवय निवृत्त झाली नाही. ते आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी दारात उभे राहून माझ्याशी दोन मिनिटं बोलले. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी घाबरून कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत.

याच्या उलटही होतं. समोरच्या बिल्डिंगमधले एक शेठ वारले, त्यांच्या बेसण्याला आम्ही गेलो होतो. बेसणं म्हणजे इकडची शोकसभा. सगळे पांढऱ्या कपड्यांत गप्प बसलेले असतात. आप्पा माझ्याकडे झुकले आणि आपण फक्त ओठच हलवतोय अशा समजुतीने सबंध हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, मानूस कंजूस व्हता बरं का!" शेठजींच्या मुलांना अहिराणी येत नाही, असं मी तेव्हापासून मानून चालले आहे.

मूळचे ते धुळ्याकडचे. कुठलीही गोष्ट बिघडली की त्यांचं एकच वाक्य: "धागा तुटना!" म्हणजे, धागा तुटला. वीज गेली, धागा तुटना. दूध नासलं, धागा तुटना. त्यांच्या पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हाही ते तेवढंच म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

आता बँडविषयी. तुमची आई शाळेत होती त्या काळात या माणसाने लूमवरच्या तिघांना घेऊन गोल्डन शटल पार्टी काढली. आप्पा आणि सुपडू गाणारे, रमेश कीबोर्डवाला आणि चौथा ड्रमवाला, तो आता गावी परत गेला. पांढऱ्या पँटी, मागच्या खिशावर सोनेरी जरीचा धोटा, म्हणजे लूमचं शटल, शिवलेला. अहिराणी शब्द आणि डिस्कोची चाल. लिंबायतच्या आपल्या मराठी वस्तीत त्यांच्याशिवाय गणपती बसत नसे आणि हळद लागत नसे. दोन कॅसेटी निघाल्या. चहात साखर घालायला विसरलेल्या वहिनीचं त्यांचं एक गाणं तर आमच्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत बाकं वाजवून म्हणत. मी इंग्रजीची शिक्षिका, मी त्यांना दटावत असे. पाठ मात्र मलाही झालं होतं.

मग बारा-तेरा वर्षांपूर्वी एका लग्नात, भर गाण्यात, सुपडू माईक खाली ठेवून स्टेजवरून उतरला आणि परत आला नाही. दोघांचं भांडण झालं, असं सगळे समजले. बँड बंद पडला.

आणि या वर्षी होळीनंतर आप्पा आमच्याकडे आले, आवाज घालून म्हणाले, "बाई, आमना नवा अल्बम ई राहिना. स्टुडिओमा!" कव्हरवर इंग्रजीत चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, "सुपडू गाणार का?"

"सुपडू नही, ते अल्बम बी नही," आप्पा म्हणाले.

"मग त्यांना विचारलंत?"

"ई जाई तो."

पण सुपडू काही येत नव्हता.

स्टुडिओ कतारगामला, एका तळघरात. तो चालवतात हेतलबेन, चाळिशीच्या, हुशार आणि गरब्याच्या गाण्यांमध्ये मुरलेल्या. पहिल्या दिवशी आप्पा काचेच्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले. चेहरा पांढरा पडला होता. त्या खोलीत बाहेरचा काही आवाज येत नाही ना! "बाई, आठे माले मीच आयकू ई राहिनू!" स्वतःचा आवाज असा एकटा त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. शेवटी हेतलबेननी त्यांच्या हेडफोनमध्ये लूमचा खडखडाट लावून दिला, तेव्हा ते गायले. छान गायले. पांढरी चारमध्ये, अगदी कॅसेटीतल्यासारखे. हेतलबेननी बासरी घातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या सोमवारी आप्पा म्हणाले, "बासरी काढी टाका."

"आप्पा, फ्लूट तो मस्त छे!"

"मस्त शे. काढा."

त्याच्या पुढच्या सोमवारी सगळी गाणी खालच्या पट्टीत, काळी एकमध्ये, पुन्हा गायली गेली. मग त्याहूनही खाली. मग झांजा गेल्या. मग कीबोर्डचे वरचे सूर गेले आणि त्यांच्या जागी ढोलाचा दणका आला. दर सोमवारी आप्पा नवा हुकूम घेऊन यायचे, आणि दर सोमवारी अल्बम आणखी जड, आणखी घोगरा व्हायचा. रमेश म्हणाला, "यापेक्षा तिरडीमागे वाजवतो, तिथे तरी सूर बरा असतो." हेतलबेननी मला बाजूला घेऊन विचारलं, "मासी, काकांची तबियत तो बराबर छे ने?"

मला काय माहीत! मी आपली वहीत प्रत्येक बदल आणि त्याची तारीख लिहीत होते. लिहिल्याने गोष्टी कळतात, असा माझा आयुष्यभराचा समज. पाच पानं भरली, कळलं काहीच नाही. वयामुळे आवाज वर जात नाही म्हणावं, तर जिन्यात ते अजून पांढरी चारमध्ये गुणगुणत. हट्टीपणा म्हणावा, तर प्रत्येक चांगली गोष्ट काढून टाकताना त्यांचाच जीव वरखाली होत होता. एकदा मी स्पष्ट विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, भरपूर दिलं, पण आवाज न घालता. या वेळी ते विसरले नव्हते, अशी मला शंका आली.

त्यातच त्यांच्या पत्नी, इंदूबाई, माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "बाई, दर रविवारी सकाळी हाऊ मानूस केस विंचरस, मोठा स्पीकर रिक्षात टाकस नि जास. कोठे जास, सांगत नही. या वयात स्पीकर लावून कोणले गाना आयकाडी राहिना?" मग आवाज उतरवून, "दुसरी बाई नही ना कोणी? तुम्ही शिकेल शेतस, तुम्ही शोधा."

आता शिक्षणाचा हा उपयोग मला कॉलेजात कुणी सांगितला नव्हता. पण चार महिन्यांचा गोंधळ माझ्याही डोक्यात होताच. पुढच्या रविवारी मी आप्पांच्या रिक्षामागे दुसरी रिक्षा केली. पदर डोक्यावर, काळा चष्मा. रिक्षावाला मला आरशातून बघत होता.

आप्पा लिंबायतमध्ये एका गल्लीत उतरले. दार उघडंच होतं. मी बाहेर उभी राहिले आणि आत बघितलं.

खाटेवर सुपडू बसला होता. मी त्याला बारा-तेरा वर्षांनी पाहत होते. त्याच्या पुढ्यात स्पीकर, आणि त्याचे दोन्ही तळवे स्पीकरच्या लाकडावर. आप्पा गाणं लावत होते आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. सुपडूने मान हलवली: नाही. आप्पांनी दुसरं लावलं, ढोलाचं. सुपडूचे डोळे मिटले, बोटं लाकडावर ठेका धरायला लागली. आप्पांनी खिशातून चिठ्ठी काढून काहीतरी लिहिलं. हाच तो सोमवारचा हुकूम असणार.

मग त्यांनी मला पाहिलं. रागावले नाहीत. बाहेर आले आणि या वेळी अगदी बेताच्या, माणसांच्या आवाजात म्हणाले, "त्याले आयकू येवाले जोयजे, बाई."

लूमने सुपडूचे कान नेले होते. सगळेच्या सगळे नाही. वरचे सूर आधी गेले, बासरी, झांजा, बायकांचे आवाज. खालचं, जाडंभरडं तेवढं अजून पोचतं. लूमवर कान अर्धे सगळ्यांचेच जातात, त्यात लाज कसली, असं मी म्हटलं. आप्पा म्हणाले, बाकीच्यांची गोष्ट वेगळी. सुपडू डोळे मिटून उभा राहायचा आणि बारा लूमांच्या आवाजातून सांगायचा की कुठल्या लूमचा धागा आता तुटणार. सबंध पार्टी त्याच्या कानावर सूर लावायची. त्या लग्नात गाता गाता त्याला समोरच्या लोकांच्या तोंडांवरून कळलं की आपण भलतीकडेच गातोय. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. त्याने आप्पांना शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. आप्पांनी भांडखोर असं नाव स्वतःवर घेतलं, पण सांगितलं नाही.

इंदूबाईंना मी सांगितलं, भजनाची तालीम असते. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, त्यानंतरचं माझं हे पहिलं सपशेल खोटं. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण आणखी काही विचारलं नाही.

गाणी आता त्याच्यापर्यंत पोचत होती, आणि पुढच्या महिन्यात सुपडू स्टुडिओत आला. स्पीकरला हात लावून उभा राहिला आणि गायला. आवाज अजून भारदस्त आहे हो. पण सुरापेक्षा जरासा खाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच खाली. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. हेतलबेन हळूच म्हणाल्या, "आप्पा, चिंता मत करो. मशीनमध्ये काकांचा सूर वर घेते, कोईने खबर नहीं पडे."

"आनि मग तो आयकी तवय?" आप्पा म्हणाले. "त्याले वाटी, हाऊ मन्हा आवाज नही शे."

"मग शुं करू?"

"त्याना ऱ्हाऊ द्या. मन्हा खाले आना."

हेतलबेननी दोनदा विचारून खात्री केली. मग त्यांनी आप्पांचा आवाज, सुरात असलेला, मशीनवर खाली ओढून सुपडूच्या शेजारी नेऊन ठेवला, आणि कीबोर्डही त्याच्यामागून खाली नेला. रमेश पाय आपटत बाहेर गेला. थोड्या वेळाने सगळ्यांसाठी चहा घेऊन परत आला.

अल्बममध्ये सात गाणी आहेत. चार गाण्यांत आप्पा आणि सुपडू दोघे गातात, तीन आप्पा एकटे गातात. पार्टीच्या जुन्या दोन कॅसेटींपैकी एक हरवली, एक माझ्याकडे आहे आणि ती अजून वाजते. ड्रमवाला गावी आहे, त्याचा फोन येतो. उरलेले तिघे सुरतेत आहेत आणि दर रविवारी सकाळी लिंबायतला सुपडूकडे जमतात.

तुमची,
आजी