बोटीवरचा चहा आणि जांबुवंतरावांचं 'नको'

एका जंगलात समुद्र नव्हता. तरीसुद्धा तिथल्या प्राण्यांना एकदा तरी बोटीने फिरून यावं असं फार वाटायचं. मुलांनो, आपल्याकडे जे नसतं त्याचीच आपल्याला हौस असते. हे तुम्हाला आत्ता कळणार नाही. मोठे झालात की कळेल, पण तेव्हा त्याचा उपयोग नसेल.

या जंगलात जांबुवंतराव नावाचं एक अस्वल राहायचं. स्वभाव अतिशय भिडस्त. त्या वर्षी जंगलातल्या मधमाश्या रुसून दुसरीकडे गेल्या होत्या. जांबुवंतरावांच्या जिभेला वर्षभर मध लागला नव्हता. अशात एक दिवस त्यांच्या हाती मोठ्या बोटीचं पत्रक आलं. त्यावर चित्र होतं. दुपारचे चार वाजलेत, डेकवर पांढरी खुर्ची आहे, शेजारी चहाची किटली आहे आणि बशीत मधाचा केक आहे. केकच्या कडेने मध ओघळतोय.

जांबुवंतरावांनी ते पत्रक आठ दिवस उशाशी ठेवलं. मग बायकोला, म्हणजे रेवतीबाईंना, ते म्हणाले, "समुद्राची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवेल."

"माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही," रेवतीबाई म्हणाल्या. पण त्यांनी ट्रंक भरायला घेतली. पत्रक त्यांनीही पाहिलं होतं.

सफर सात दिवसांची होती. बोटीचा कप्तान एक म्हातारं कासव होतं, त्यामुळे कोणालाच घाई नव्हती. सकाळी भोंगा वाजला की प्राणी डेकला पाच फेऱ्या मारत. मग आरामखुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरत. मग पाण्याकडे बघून "केवढं पाणी आहे" असं एकमेकांना सांगत. न्याहारी आणि जेवण थेट ताटात वाढून येई, तेव्हा उपाशी कोणी नव्हतं. दुपारी चारला मात्र घंटा व्हायची आणि एक पेंग्विन चहा-केकचा ट्रे घेऊन प्रत्येकाच्या खुर्चीशी यायचा.

पहिल्या दिवशी तो जांबुवंतरावांपुढे येऊन वाकला. "चहा घेणार का साहेब? सोबत मधाचा केक आहे."

केकचा वास जांबुवंतरावांच्या नाकात शिरला. पोट आतून हो म्हणालं. तोंड म्हणालं, "नको, आत्ताच झाला."

"ठीक आहे," असं म्हणून पेंग्विन पुढे गेला.

आपल्या जंगलाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पहिलं नको म्हणजे नमस्कार. दुसरं नको म्हणजे चौकशीबद्दल आभार. तिसरं नको म्हणजे आणा आता लवकर. मग यजमान म्हणतो, असं कसं, घोटभर तरी घ्या. पाहुणा म्हणतो, बरं, अर्धा कप. आणि मग तो तीन कप पितो. यात दोघांचाही मान राहतो आणि चहाही संपतो.

पेंग्विन बिचारा थंड देशातला. तिकडे गारठा इतका, की एकच गोष्ट तीनदा बोलायला कोणी तोंड उघडत नाही. त्याने शेजारच्या अप्पासाहेब हत्तींना विचारलं. ते म्हणाले, "छे छे, कशाला उगाच त्रास." त्याने त्यांना त्रास दिला नाही. रांगेत सगळे आपल्याच जंगलातले. सगळ्यांनी नको म्हटलं. शेवटच्या खुर्चीत पेंग्विनच्याच देशातली एक हंसीण बसली होती. ती म्हणाली, "हो, आण." तिने चहा घेतला, केक खाल्ला आणि वर आणखी एक तुकडा मागितला.

"हावरट मेली," असं सगळ्यांनी हळू आवाजात म्हटलं आणि आवंढा गिळला.

दुसऱ्या दिवशी जांबुवंतरावांनी आपलं नको थोडं पातळ केलं. "नको. म्हणजे दुपारच्या जेवणानंतर तोंडात काही नाही म्हणा. तरी पण नको."

"समजलं साहेब," पेंग्विन म्हणाला आणि निघून गेला. काय समजलं ते त्यालाच माहीत.

तिसऱ्या दिवसापासून सकाळच्या फेऱ्यांमध्ये हाच विषय निघू लागला. चहा हवाय असं अर्थातच कोणी म्हणत नव्हतं. "चहाचं काय एवढं," अप्पासाहेब म्हणाले, "चहा आपण घरी पितोच. प्रश्न रीतभातीचा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाचव्या दिवशी त्यांचं शिष्टमंडळ कप्तानाकडे गेलं.

कासवाने कवचातून मान बाहेर काढली. "काही कमी पडतंय का?"

"छे छे," जांबुवंतराव म्हणाले, "सगळं उत्तम आहे."

कासवाने अभिप्रायाची वही पुढे केली. अप्पासाहेबांनी सोंडेने लिहिलं, "चहाची व्यवस्था वाखाणण्यासारखी आहे." खाली सगळ्यांनी सह्या केल्या.

सहाव्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. 'प्रवाशांना केक नको असल्याचं दिसून आलं आहे. उद्या शेवटच्या दिवशी एकच लहान केक केला जाईल.'

जांबुवंतरावांनी ती सूचना तीनदा वाचली. मग ते खोलीत गेले आणि आरशासमोर उभे राहून 'हो' म्हणण्याचा सराव करू लागले. आधी 'बघू' जमलं. मग 'हरकत नाही' जमलं. संध्याकाळपर्यंत दारं-खिडक्या लावून त्यांना 'हो' म्हणता येऊ लागलं. रेवतीबाई विणकाम करत हे सगळं ऐकत होत्या.

सातव्या दिवशी चारची घंटा झाली. हंसिणीने आपला वाटा आधीच मागून घेतला होता. ट्रेमध्ये दोन तुकडे उरले होते.

"केक, साहेब?" पेंग्विनने विचारलं.

जांबुवंतरावांनी तोंड उघडलं. "ह..." शेजारच्या खुर्चीत अप्पासाहेबांचे दोन्ही कान पसरले. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. "ह्या वयात गोड सोसत नाही," जांबुवंतराव म्हणाले.

पेंग्विन रेवतीबाईंकडे वळला.

"हो," रेवतीबाई म्हणाल्या. "दोन्ही तुकडे द्या. आणि चहा कडक आणा."

रेवतीबाईंनी पहिला तुकडा सावकाश खाल्ला. बोटांवर मध आला तो चाटला. जांबुवंतरावांना खरंच रडू येत होतं. वर्षभर वाट पाहिली होती हो त्यांनी, आणि आता तो मध हातभर अंतरावर संपत होता.

तेवढ्यात रेवतीबाईंनी दुसरा तुकडा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "अहो, घेता का?"

जांबुवंतरावांच्या जिवात जीव आला. विचारणारं आपलं माणूस होतं. तिला रीत माहीत होती. तीस वर्षं ती त्यांना प्रत्येक लाडवामागे चार-चार वेळा विचारत आली होती. ते अगदी निर्धास्तपणे म्हणाले, "नको गं, तू खा."

"बरं," रेवतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो खाल्ला. त्यांचीही सुट्टीच होती.

जंगलात परतल्यावर हकीकत ऐकायला दहाबारा प्राणी जमले. कोल्ह्याने विचारलं, "बोटीवरच्या चहाचं फार ऐकलंय. कसा असतो?"

"चहा ना?" जांबुवंतराव मागे रेलून म्हणाले. "रोज चार वाजता खुर्चीपाशी येऊन, वाकून विचारायचे. आम्हीच नको म्हणायचो."

ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारले. एवढा मान जंगलात कोणालाच मिळाला नव्हता. दोघांनी तर पुढच्या सफरीची तारीख विचारून घेतली.

इतक्यात रेवतीबाई बाहेर आल्या. "चहा टाकू का?"

"नको नको वहिनी, आत्ताच घेऊन निघालो," सगळे एका सुरात म्हणाले.

"बरं," असं म्हणून रेवतीबाई त्यांच्यातच बसल्या आणि विणायला लागल्या.

दिवेलागण होईपर्यंत सगळे थांबले. मग एकेक जण उठला. घरी जाताना वाटेत सर्वांचं एकमत झालं की बोटीची हवा बाईंना बाधली.

तात्पर्य: मुलांनो, जे हवं असेल ते तोंडाने कधीही मागू नये. मागितलं तर ते मिळण्याची भीती असते, आणि मिळालं की चारचौघांत नाव खराब होतं. नको म्हणणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही, म्हणून सगळे त्याला मान देतात.